सुकदेवला मी दिलेला हुकूम

पलटणीतून मी त्र्याहत्तर साली निघालो. नोकरी सतरा वर्षं, हुद्दा कंपनी हवालदार मेजर. मूळ गाव अकोला जिल्ह्यात, पण थोरला भाऊ रेल्वेत खलाशी म्हणून सुरतेला होता, त्याच्या आधाराने मीही इथेच आलो. बमरोलीच्या एका मिलच्या फाटकावर जमादार म्हणून लागलो. हाताखाली सहा पहारेकरी. नवागामला पत्र्याची एक खोली भाड्याने घेतली. बायको-मुलं गावीच होती. पहाटे पाचला उठायचं, दाढी करायची, बूट चमकवायचे आणि सातच्या ठोक्याला फाटकावर उभं राहायचं. पेन्शन झाली तरी सवय जात नाही.

कंपनी हवालदार मेजर, म्हणजे सी.एच.एम., हे काय प्रकरण असतं ते सिव्हिलियन माणसाला सांगावं लागतं. कंपनीची शिस्त त्याच्याकडे. फॉल-इन, फटिगची अंगमेहनत, रजा, शिक्षा, सगळं त्याच्या तोंडून निघतं. अधिकारी जवानाशी गोड बोलू शकतो, सी.एच.एम.ला ती चैन नसते. मी जवानांना रडवलं आहे आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी नंतर दिवाळीला पत्रं पाठवली आहेत. माझा दम लागू पडतो, अशी माझी स्वतःबद्दल खात्री होती.

आणि वस्तीचीही तीच खात्री. नवागाम, गोडादरा, लिंबायत, कुठूनही बाया येतात. 'जमादार, आमच्या माणसाला जरा मिलिटरीचा दम द्या, चार दिवस कोंडून ठेवा, दारू आपोआप सुटेल.' पूर्वी मी छाती फुगवून जायचो. आता हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. अहो बाई, कोंडून सुटत असती तर मी हे लिहायला बसलो असतो का? तरी त्या येतातच. तेच वाक्य, तोच पदर तोंडाला. म्हणून म्हटलं, एकदाचं काय झालं ते सगळं लिहून टाकावं आणि पुढच्या बाईच्या हातात कागदच द्यावा.

लान्स नाईक सुकदेव माझ्या कंपनीचा वायरलेस ऑपरेटर होता. धुळे जिल्ह्यातला, घरची भाषा अहिराणी. बारीक, काळा, कमी बोलणारा. सेटवर मात्र आवाज खणखणीत. एकाहत्तरच्या लढाईत एका पुढच्या चौकीवर आम्ही त्याला सेट देऊन बसवलं होतं. दोन दिवस तिथे गोळे पडत होते. कंपनी हेडक्वार्टरहून मी त्याला सेटवर सांगितलं, 'पोस्ट सोडायची नाही, ओव्हर.' त्याने सोडली नाही. तिसऱ्या दिवशी आम्ही पोचलो तेव्हा तो सेटची बॅटरी कोरड्या फडक्याने पुसत बसला होता.

थंडीच्या चौक्यांवर रम मिळते, पेग मोजून. मीही घेतली, त्यानेही घेतली. एकच बाटली, एकच मग. मी पलटण सोडली तेव्हा रमही सोडली, आठवणही आली नाही. सुकदेव माझ्यानंतर वर्षभराने निघाला आणि कामासाठी सुरतेला आला तो दारू बरोबर घेऊनच. मी त्याला माझ्या हाताखाली पहाऱ्यावर लावलं. बायको सिंधू आणि म्हातारी आई, तिघं माझ्यापासून दोन गल्ल्या सोडून राहत.

गुजरातेत दारूबंदी आहे. कायद्याने एक थेंब मिळत नाही. माझ्या खोलीपासून मणीबेनच्या झोपडीपर्यंतची पावलं मी एकदा मोजली होती, एकशे चाळीस भरली. मणीबेन गुळाची गाळायची आणि रबरी नळीतून मापाने ओतून द्यायची. पोलीस यायचे, मटकी फोडायचे आणि दुसऱ्या दिवशी नवी मटकी लागायची. दारूबंदीचा फायदा एवढाच, की पिणारा आपण पितो हे कुणाला सांगू शकत नसे, डॉक्टरलासुद्धा नाही.

सुकदेव सकाळी चहाचा कप धरू शकत नव्हता. बशी वाजायची. मणीबेनकडे जाऊन आला की हात स्थिर व्हायचे आणि मग तो ड्यूटीवर उभा राहायचा. हे मी रोज बघत होतो. बघून मला काय वाटायचं? की हा माणूस ढिला झाला. त्याला पी.टी. लावा, हात सुधारतील. आज हे लिहिताना माझीच मला चीड येते. बंदुकीच्या आवाजावरून कॅलिबर सांगणारा मी, समोरची बशी काय सांगतेय ते मला कळलं नाही.

त्याने सोडण्याचा प्रयत्न केला नाही असं नाही. सात वेळा केला. देवापुढे शपथ, आईच्या डोक्यावर हात, एकदा शिर्डीहून आणलेला दोरा. दर वेळी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो मणीबेनच्या दारात. मी शिव्या देऊन थकलो. तो ऐकून घ्यायचा आणि मान हलवायचा. उलट बोलला असता तर बरं वाटलं असतं.

मग एका बुधवारी दुपारी कापडाचा ट्रक फाटकाबाहेर वीस मिनिटं हॉर्न वाजवत उभा राहिला. आत सुकदेव स्टुलावर झोपलेला. मॅनेजर स्वतः फाटकापर्यंत चालत आला. त्याने सुकदेवकडे पाहिलंही नाही, माझ्याशीच बोलला.

"जमादार, आ तमारो माणस छे ने?"

"हो साहेब."

"सोमवारे सवारे सात वागे सीधो ऊभो देखाय तो राखीश. नहि तो छुट्टो."

सोमवारी सातला सरळ उभा दिसला पाहिजे, नाहीतर कामावरून काढणार. एवढीच गोष्ट होती. गुरुवारी संध्याकाळी सुकदेव आपणहून माझ्या खोलीवर आला. पाठीमागे सिंधू. तो प्यायलेला होता, पण शुद्धीत होता.

"साहेब, तुम्ही हुकूम द्या."

"कसला हुकूम?"

"दारू सोडायचा. माझ्या मनानं मी सात वेळा सोडली. हुकमानं एकदाबी सोडली नाही. तुमचा हुकूम मी कधी मोडला का?"

मोडला नव्हता. आणि मला ते पटलं. हसू नका, पलटणीत सतरा वर्षं काढलेल्या माणसाला ते पटतं. पलटणीत दारू पिऊन दंगा करणाऱ्याला क्वार्टर गार्डमध्ये टाकतात, दुसऱ्या दिवशी तो डोकं धरून बाहेर येतो, काम संपलं. माझ्या खोलीला एक दार, एक जाळीची खिडकी, भिंतीवर बुद्धाची तसबीर, कोपऱ्यात मोरी. क्वार्टर गार्डपेक्षा बरीच बरी जागा. मी घड्याळ पाहिलं. सहा वाजले होते.

"लान्स नाईक सुकदेव, आज अठराशे वाजल्यापासून दारूला हात लावायचा नाही. पुढचा हुकूम मिळेपर्यंत."

त्याने टाचा जुळवल्या. पायात चपला होत्या, आवाज आला नाही. "जी साब," म्हणाला आणि आत जाऊन चटईवर बसला. कुलूप मी लावलं. सिंधूने विचारलं, "भाऊ, काही व्हवाव नही ना?" काही होणार नाही, मी म्हटलं. सोमवारपर्यंत रजा टाकली आणि दाराबाहेर खुर्ची मांडली.

शुक्रवारी सकाळी हात थरथरू लागले. दुपारपर्यंत पूर्ण अंग. घामाने बनियन भिजलं, पोटात काही ठरेना. मी लिंबू-मीठ-पाणी दिलं आणि सिंधूला सांगितलं, विष बाहेर पडतंय, पडू दे. हे मला कुणी शिकवलं होतं? कुणीच नाही. छातीठोकपणे सांगायची सवय होती, एवढंच.

शनिवारी सकाळी तो चादरीवरून मुंग्या झटकत होता. चादरीवर मुंग्या नव्हत्या. दोन रात्री डोळ्याला डोळा नव्हता. मी म्हटलं, सुकदेव, मुंग्या नाहीत. तो म्हणाला, "जी साब," आणि झटकत राहिला. कुलूप उघडं टाकलं असतं तरी तो बाहेर आला नसता. त्याने मला एकदाही दारू मागितली नाही. हे लक्षात ठेवा. सिंधूने मागितली, माझ्याकडे, त्याच्यासाठी. "घोटभर द्या भाऊ, त्यासनं आंग दखा." मी तिला घरी पाठवलं.

बारा वाजता मणीबेन आली. पदराखाली काहीतरी होतं. मी खुर्चीवरून उठलो.

"जमादार, एकदम बंध नहि कराय. माणस मरी जाय. धीमे धीमे ओछी कराय."

"गिऱ्हाईक जातंय म्हणून पोटात दुखतंय का?"

"मारा घरवाळाने आवुं ज थयेलुं," ती म्हणाली. तिच्या नवऱ्याचं असंच झालं होतं. मी काठी उचलली. ती गेली. जाताना शिवी दिली नाही, त्याचंच मला नवल वाटलं.

तीनच्या सुमाराला आतून धप्प आवाज आला. जाळीतून पाहिलं तर सुकदेव जमिनीवर, दात आवळलेले, हातपाय झटके देताहेत. मिनिटभर चाललं असेल. मग शांत. पलटणीत सिक रिपोर्टवर येणाऱ्यांपैकी बरेच ढोंगी असतात. परेड चुकवायला झटका आणणारे दोघे मी स्वतः पकडले होते. मी दार उघडलं, त्याच्या तोंडावर पाणी मारलं आणि म्हटलं, "ढोंग बंद. उठून बस." तो उठून बसला. जीभ चावली गेली होती, ओठावर रक्त होतं. दातांनी जीभ फाडून कोणी ढोंग करत नाही. पण मी ते रक्त पुसलं आणि परत कुलूप लावलं.

रविवारी सकाळी दहाला तो बोलू लागला. मी आधी समजलो, सिंधू आत गेली की काय. ती तर माझ्याजवळ उभी होती. आत तो भिंतीकडे तोंड करून बसला होता, डाव्या कानाशी मूठ धरलेली. सेटवरचा तोच खणखणीत आवाज.

"टू फॉर वन. टू फॉर वन. माझा आवाज येतो का, ओव्हर."

टू म्हणजे त्याची चौकी, वन म्हणजे आमचं हेडक्वार्टर. थोडा थांबला. पुन्हा तेच. मी हाक मारली. त्याने ऐकलं नाही. दार उघडून खांद्याला हात लावला, अंग तव्यासारखं तापलं होतं. माझा हात त्याने झटकला आणि पुन्हा कॉल दिला. सिंधू नाव घेऊन रडू लागली, तेही त्याला पोचेना. मग माझ्या लक्षात आलं की कोणत्या आवाजाला तो उत्तर देईल. मी त्याच्या पाठीमागे उभा राहिलो.

"वन फॉर टू. आवाज साफ. बोल, ओव्हर."

त्याची पाठ एकदम सैल झाली.

"टू. इथे पाणी संपलं. दोन दिवस झाले. पोस्ट सोडायची परवानगी हवी, ओव्हर."

सिंधू माझ्याकडे बघत होती.

"वन. परवानगी आहे. पोस्ट सोड. ओव्हर."

"टू. हुकूम कोणाचा, ओव्हर."

"सी.एच.एम.चा. आऊट."

तो उठायला गेला आणि पडला. झटके पुन्हा सुरू झाले, या वेळी थांबेनात. शेजाऱ्यांनी हातगाडी आणली, मोठ्या रस्त्यावर रिक्षा मिळाली. अकरा वाजून दहा मिनिटांनी आम्ही दवाखान्यात होतो.

ड्यूटीवरचा डॉक्टर तिशीतला होता, गुजराती, माझ्याशी हिंदीत बोलला. नाडी धरून त्याने विचारलं, "आखरी बार कब पी?"

मी सावधान उभा राहिलो. खरं सांगतो, त्या क्षणीही मला थोडा अभिमानच वाटत होता. "गुरुवार शाम छह बजे, सर. उसके बाद एक बूंद नहीं."

डॉक्टरने मान वर केली. "रोज पीता था? कितने साल से?"

"पाच-छे."

"और एकदम बंद किया? किसने?"

"मैंने."

सिस्टरला त्याने दोन इंजेक्शनांची नावं सांगितली आणि पडदा ओढला.

संध्याकाळी त्याने मला बाहेर बाकावर बसवून समजावलं. मी जे समजलो ते माझ्या भाषेत सांगतो. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याचं शरीर दारूच्या दाबाखाली काम करायला शिकतं. दाब एकदम काढला की मेंदू उसळतो. आधी थरथर, मग झटके, मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी भ्रम, ताप, आणि हृदय थकतं. सगळ्यांना होत नाही, पण ज्याला होतं त्याचा जीव जाऊ शकतो. म्हणून ही दारू घरी कोंडून तोडायची नसते. दवाखान्यात भरती करायचं, झोपेचं औषध देऊन ते रोज थोडं थोडं उतरवायचं, व्हिटॅमिनची इंजेक्शनं द्यायची, खायला घालायचं. आठ-दहा दिवसांत शरीर सुटतं. मग खरं काम सुरू होतं, मन सोडवायचं. त्यासाठी माणसाशी बोलावं लागतं, पुन्हा पुन्हा यावं लागतं. एक गोळी असते, ती घेतल्यावर दारू प्यायली तर माणूस बेजार होतो, पण ती डॉक्टरने आणि रोग्याच्या संमतीने द्यायची, भाजीत कालवून चोरून नाही. आणि तो पुन्हा पडू शकतो. पडला म्हणजे उपचार फुकट गेला असं नाही, मलेरियाही उलटतो.

"ती गाळणारी बाई म्हणाली होती, एकदम बंद करू नका," मी म्हटलं.

"अर्धं बरोबर सांगितलं तिने," डॉक्टर म्हणाला. "पुढचं अर्धं, इथे आणा, हे तिला तरी कोण सांगणार?"

मी वैतागून विचारलं, आजार असेल तर तो स्वतः सिक रिपोर्ट का करत नाही? डॉक्टर म्हणाला, हा एक आजार असा आहे की तोच रोग्याला सांगतो, तू आजारी नाहीस. आणि बाकीचे सगळे त्याला सांगतात, तू नालायक आहेस. मग तो येणार कुठून?

सोमवारी सकाळी सातला मी दवाखान्याच्या व्हरांड्यात होतो. सुकदेवला शुद्ध नव्हती, पण हात थांबले होते. मला वाटलं सुधारतोय. नऊ वाजून चाळीस मिनिटांनी सिस्टर बाहेर आली. मी आत गेलो तेव्हा सिंधू त्याच्या पायाची चादर नीट करत होती. ती माझ्यावर ओरडली असती तर मी उभ्याने ऐकून घेतलं असतं. ती हळूच म्हणाली, "तुमनं आयकं त्यासनी, भाऊ. मनं कधीच नही आयकं."

मी रडलो. पलटणीत कुणी मला रडताना पाहिलेलं नाही.

त्यानंतर या वस्तीतून मी बरीच माणसं दवाखान्यात नेली आहेत. गोडादऱ्याचा एक लूमवाला चार वेळा नेला. तीन वेळा तो पडला, तिन्ही वेळा मी त्याला मनातल्या मनात लाखोली वाहिली आणि पुन्हा नेला. चौथ्यांदा टिकला. आता तोच दुसऱ्यांना घेऊन येतो आणि माझ्यापेक्षा बरं बोलतो, कारण तो दम देत नाही. मणीबेनच्या दारात मी एकदा गेलो, माफी मागायला. ती म्हणाली, तुमच्या त्या डॉक्टरचं नाव एका कागदावर लिहून द्या. धंदा तिने बंद केला नाही, पण ज्यांचे हात फार थरथरायचे त्यांना ती तो कागद दाखवायची. या बाईशी कसं वागावं हे मला शेवटपर्यंत समजलं नाही.

आमच्या पलटणीच्या स्थापनेच्या दिवशी सुरतेतले आम्ही आठ-दहा माजी सैनिक जमतो. लढाईत पडलेल्यांची नावं वाचली जातात, दोन मिनिटं उभं राहतो. सुकदेवचं नाव त्या यादीत नाही. मी एकदा सुचवलं तर एक सुभेदार साहेब म्हणाले, अरे, तो दारूने गेला, त्याचं नाव इथे कसं घेणार? वस्तीही हेच म्हणते. त्याच्या गावीही हेच सांगितलं गेलं, दारूने मेला.

मी त्या दिवशी भांडलो नाही, इथे लिहून ठेवतो. गुरुवारी संध्याकाळी सहापासून सोमवारी सकाळी नऊ-चाळीसपर्यंत सत्त्याऐंशी तास चाळीस मिनिटं होतात. तेवढ्या वेळात त्याच्या पोटात दारूचा थेंब गेला नाही. हुकूम माझा होता, आणि लान्स नाईक सुकदेवने तो पाळला.